सड्यावरची शिकारी फुले आणि त्यांचे जगभरचे सोयरे

(मंडळाच्या गणेशोत्सव व्याख्यानमालेत दिलेल्या भाषणाचे शब्दांकन)



गणेशोत्सवातले व्याख्यान म्हटले की संतसाहित्य, शिवचरित्र किंवा मधुमेह, हे विषय ठरलेले. किडे खाणाऱ्या झाडांवर बोलतो असे मी म्हटले तेव्हा आपल्या कार्यवाहांनी पहिला प्रश्न विचारला, "प्रसादाच्या आधी की नंतर?" आधीच ठेवले ते बरे झाले.

एक गोष्ट सुरुवातीला सांगतो. मी वनस्पतिशास्त्राचा प्राध्यापक नव्हे. सिव्हिलचा डिप्लोमा करून राज्य सरकारच्या नोकरीत लागलो आणि मोजणीच्या कामासाठी गोव्यातले बरेच सडे पायाखाली घातले. मोजणीच्या कामात माणूस खाली बघून चालतो. खाली बघता बघता जे दिसले, त्याची नावे शोधली, पुस्तके वाचली, जाणकारांना विचारले. तेवढीच माझी पुंजी.

आता मुलांच्या मनातला प्रश्न आधी घेतो, कारण त्याचे उत्तर मिळेपर्यंत ती पुढचे ऐकणार नाहीत. माणूस खाणारे झाड असते का? नसते. ही अफवा कुठून आली तेही सांगतो. १८७४ साली 'न्यूयॉर्क वर्ल्ड' या वर्तमानपत्राने मादागास्करमधल्या एका झाडाचे वर्णन छापले. तिथली एक जमात झाडाला माणसाचा बळी देते आणि झाड आपल्या फांद्यांनी त्याला आवळून टाकते, असा तो मजकूर होता. सगळे रचलेले होते. झाडही खोटे आणि जमातही खोटी. तरी जगभरच्या पत्रांनी ती बातमी उचलली आणि १९२४ साली मिशिगनचे माजी गव्हर्नर चेस ऑसबॉर्न यांनी मादागास्करवर पुस्तक लिहिले, त्याच्या नावातसुद्धा हे झाड घातले. म्हणजे पन्नास वर्षे अफवा जिवंत. आज व्हॉट्सॲपला आपण उगाच दोष देतो.

खरी कीटकभक्षी झाडे आहेत ती लहान आहेत. बहुतेक वीतभरसुद्धा नाहीत. जगात त्यांच्या सुमारे आठशे जाती माहीत आहेत. त्या सगळ्या एका कुळातल्या नाहीत, हे लक्षात घ्या. एकमेकांशी काही नाते नसलेल्या कुळांमध्ये ही सवय वेगवेगळी, निदान दहा वेळा तरी, उगवली आहे.

ती किडे का खातात? भूक लागते म्हणून, असे आपण समजतो. पण अन्न तर ही झाडेही इतरांसारखीच पानात, उन्हावर तयार करतात. किड्यापासून त्यांना हवे असते नत्र आणि स्फुरद. म्हणजे आपण भाताला युरिया टाकतो, माडाला शेणखत घालतो, तेच. माती इतकी निकस की मुळांना काही मिळत नाही, तेव्हा या झाडांनी खत हवेतून आणि पाण्यातून पकडायला सुरुवात केली.

पण सापळा बनवणे महाग पडते. ज्या पानाचा सापळा झाला ते पान उन्हाचे काम नीट करू शकत नाही. म्हणून हा व्यवहार फक्त तिथेच परवडतो, जिथे ऊन भरपूर, पाणी भरपूर आणि माती दरिद्री. तिन्ही गोष्टी एकत्र लागतात. जमीन थोडी सुपीक झाली की साधे गवत यांच्या पुढे जाते, यांच्यावर सावली धरते आणि यांचा कारभार आटोपतो. हा मुद्दा ध्यानात ठेवा, त्यावर मी पुन्हा येणार आहे.

ऊन, पाणी आणि दरिद्री माती म्हटल्यावर आपल्याला लांब जायला नको. आपला जांभ्या दगडाचा सडा बघा. उन्हाळ्यात अनवाणी पाय ठेववत नाही असा तापलेला कातळ. वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस त्यावर कोसळतो आणि मातीत जे काही असेल ते धुऊन नेतो. कातळावर माती दोन-चार बोटे, काही ठिकाणी तेवढीही नाही. चतुर्थीच्या सुमारास तिथे गेलात तर पाणी साठलेल्या जागी निळ्या-जांभळ्या फुलांचा सडाच पडलेला दिसतो. सड्यावर सडा! कास पठाराला जाऊन आलेल्यांनी हे फूल नक्की पाहिले असेल, तिकडे त्याला 'सीतेची आसवे' म्हणतात. आसवे म्हणजे अश्रू. नाव इतके करुण, आणि जमिनीखाली हीच आसवे शिकार करतात. शास्त्रीय नाव युट्रिक्युलॅरिया.

या झाडाला मूळच नाही. चिखलात पसरलेले बारीक धागे असतात आणि त्यांवर टाचणीच्या टोकाएवढ्या पिशव्या. प्रत्येक पिशवीला एक दार. झाड पिशवीतले पाणी सतत बाहेर फेकत राहते, त्यामुळे पिशवीच्या भिंती आत ओढल्या जातात, आत पोकळी तयार होते. पिचकारीची दांडी मागे ओढून तोंड बोटाने बंद ठेवावे तसे. दाराजवळ केस असतात. पाण्यातला एखादा सूक्ष्म जीव त्या केसाला लागला की दार आत उघडते, पाणी आणि जीव दोन्ही आत खेचले जातात आणि दार बंद. हे सगळे एका सेकंदाच्या हजाराव्या भागापेक्षाही कमी वेळात. वनस्पतींच्या जगातल्या सर्वांत वेगवान हालचालींपैकी ही एक, आणि ती आपण चपला काढून चालतो त्या चिखलात चाललेली असते. अर्ध्या तासात पिशवी पुन्हा तयार.

याच जातकुळीची, पिवळ्या फुलांची एक बहीण तळ्यांत आणि भाताच्या खाचरांत तरंगते. तिच्या पिशव्या मोठ्या, नुसत्या डोळ्यांनी दिसतात. डासांच्या लहान अळ्याही त्यांत सापडतात. जगात आसवांच्या दोनशेहून जास्त जाती आहेत, भारतात तीसच्या वर. कीटकभक्षी वनस्पतींमध्ये संख्येने हाच गट मोठा.

सड्यावरची दुसरी शिकारीण म्हणजे ड्रॉसेरा. मराठीत तिला दवबिंदू म्हणतात, आणि हे नाव देणाऱ्याला मी मनोमन नमस्कार करतो. पानावर लालसर केस, प्रत्येक केसाच्या टोकावर एक चमकता थेंब. दुपारी बारा वाजता, सगळे दव उडून गेलेले असताना, हिच्यावरचे थेंब तसेच. कारण ते दव नव्हेच, चिकट डिंक आहे. माशी बसली की अडकते, सुटायला धडपडते, धडपडीने आणखी केसांना लागते आणि ते केस हळूहळू तिच्याकडे वाकतात. मग पाचक रस सुटतो. शेवटी माशीचे नुसते कवच उरते. आपल्याकडे दोन प्रकार दिसतात. एकाची पाने दोऱ्यासारखी लांब, गवतातून उभी. दुसरी जमिनीला चिकटलेली, रुपयाच्या नाण्याएवढी लाल चकती. दिसायला ती लहान, पण चपळ तीच. तिच्या कडेचे केस काही सेकंदांत वळतात.

या दवबिंदूने एका फार मोठ्या माणसाला वेड लावले होते. चार्ल्स डार्विन १८६० च्या उन्हाळ्यात इंग्लंडमधल्या ससेक्समध्ये सुट्टीवर गेला होता. 'ओरिजिन ऑफ स्पीशीज' प्रसिद्ध होऊन वर्षही झाले नव्हते, जगभर वादळ उठले होते, आणि हा गृहस्थ दलदलीतली दवबिंदूची रोपे घरी आणून त्यांना जेवू घालत बसला. मांसाचा कण दिला, अंड्याचा पांढरा बलक दिला, दूध दिले. मग काचेचा तुकडा, केसाचा तुकडा ठेवून बघितला. नत्र असलेल्या पदार्थावर केस नीट वाकतात आणि नुसत्या पाण्यावर किंवा साखरेवर तसे होत नाही, हे त्याने ओळखले. सगळ्या सजीवांच्या उत्पत्तीपेक्षा मला सध्या ड्रॉसेराची जास्त काळजी आहे, अशा अर्थाचे पत्र त्याने मित्राला लिहिले. पुस्तक मात्र पंधरा वर्षांनी काढले, १८७५ साली. घाई नाही. आणि एक दुवा राहिला होता तो मुलाने पुरा केला. फ्रान्सिस डार्विनने काही रोपांना मांस दिले, काहींना उपाशी ठेवले. जेवलेल्या रोपांना बी जास्त धरले. किडे खाऊन झाडाचा फायदा होतो, हे १८७८ साली पक्के झाले.

त्याच्या आधी शंभर वर्षे हे कोणी मानायला तयार नव्हते. व्हीनस फ्लायट्रॅपचे वर्णन आणि चित्र जॉन एलिस नावाच्या इंग्रज व्यापाऱ्याने लिनियसला पाठवले. लिनियस म्हणजे झाडांना आणि प्राण्यांना शास्त्रीय नावे देण्याची पद्धत ज्याने रूढ केली तो. त्याने मान्य केले नाही. प्राण्यांनी झाडे खायची ही देवाची व्यवस्था, ती उलटी कशी होईल? लाजाळूसारखे पान मिटते, किडा शांत झाला की पान उघडते आणि किडा उडून जातो, असे त्याचे म्हणणे. गंमत अशी की याच लिनियसने लॅपलँडमधल्या लोकांची एक रीत नोंदवून ठेवली होती. ते लोक पिंग्विक्युला नावाच्या झाडाची चिकट पाने घालून दूध घट्ट करीत, म्हणजे त्यांचे विरजणच. ते झाडही किडे पकडणारेच निघाले.

व्हीनस फ्लायट्रॅप तुम्ही टीव्हीवर पाहिले असेल. शिंपल्यासारखे दोन दलांचे पान, कडेला दात. प्रत्येक दलावर साधारण तीन केस. एका केसाला एकदाच स्पर्श झाला तर पान मिटत नाही. पावसाचा थेंब असेल, काडीकचरा असेल. पण साधारण वीस सेकंदांच्या आत दुसरा स्पर्श झाला की एका सेकंदाच्या दहाव्या भागात सापळा बंद. २०१६ साली जर्मनीतल्या वुर्झबर्गच्या शास्त्रज्ञांनी दाखवले की झाड पुढेही मोजत राहते. आत अडकलेला किडा धडपडत राहिला, पाच-सहा स्पर्श झाले, की पाचक रसाचे काम सुरू होते. जितकी धडपड जास्त तितका रस जास्त. मेंदू नाही, मज्जातंतू नाहीत, पण हिशेब चोख. आमच्या लेखा विभागात असे कोणी असते तर, असे मनात आल्याशिवाय राहत नाही.

एवढे जगप्रसिद्ध झाड, पण रानात ते फक्त अमेरिकेच्या उत्तर आणि दक्षिण कॅरोलायना या दोन राज्यांत, विल्मिंग्टन शहराच्या आसपासच्या पट्ट्यात उगवते. जगात दुसरीकडे कुठेही नाही. तिथल्या पाइनच्या रानात अधूनमधून वणवा लागे, झुडपे जळत आणि याला ऊन मिळे. माणसांनी वस्ती केली, वणवे विझवले, झुडपे माजली, झाड मागे हटले. उरलेल्यावर चोर टपलेले. शेवटी उत्तर कॅरोलायनाने २०१४ पासून रानातले फ्लायट्रॅप चोरणे हा गंभीर गुन्हा ठरवला. एका इवल्या रोपासाठी तुरुंग होऊ शकतो.

आता घटपर्णी. आपल्या शाळेच्या पुस्तकात चित्र असायचे, पानाच्या टोकाला लोंबणारा घट आणि वर झाकण. किडा आत पडला की झाकण बंद होते, असे बरेच जण सांगतात. ते खरे नाही. झाकण हलत नाही, ते पावसाचे पाणी आत भरू नये म्हणून. खरी करामत घटाच्या काठात आहे. काठ ओला झाला की त्यावर पाण्याचा पातळ थर धरतो आणि मुंगीचा पाय टिकत नाही. पावसात शेवाळलेल्या पायरीवरून आपण जसे जातो तशी ती जाते.

भारतात घटपर्णीची एकच जात, तीही मेघालयात. गारो लोक तिला मेमांग-कोक्सी म्हणतात, म्हणजे भुताची टोपली. कोळशाच्या खाणींनी आणि विकण्यासाठी उपटणाऱ्यांनी ती दुर्मिळ केली. तिच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर सर्वांत कडक दर्जाची बंदी आहे. बाघमारा गावाजवळ तिच्यासाठी छोटेसे राखीव क्षेत्रही आहे.

पण घटपर्णीचे खरे माहेर म्हणजे बोर्निओ, सुमात्रा, फिलिपिन्स. दीडशेच्या वर जाती. बोर्निओतल्या किनाबालू पर्वतावरची नेपेंथिस राजा ही त्यांतली अजस्र, तिच्या घटात दोन लिटरहून जास्त पाणी मावते. क्वचित त्यात बुडालेला उंदीरही सापडला आहे. त्यावरून हे झाड उंदीर खाते अशी ख्याती झाली. प्रत्यक्षात त्या डोंगरावर काय चालते ते २००९ च्या सुमारास कळले, आणि ते मला जास्त आवडते. तिथे खारीसारखा दिसणारा तुपाया नावाचा प्राणी आहे. तो घटाच्या काठावर बसतो, झाकणाच्या खालचा गोड रस चाटतो, आणि चाटता चाटता खाली घटात विष्ठा टाकतो. घटाचे तोंड आणि झाकणाचे अंतर त्याच्या अंगाच्या मापाचे! झाडाला नत्र मिळाले, प्राण्याला खाऊ मिळाला. म्हणजे शिकारी झाड चक्क शौचालय होऊन बसले आहे. त्याच बेटावर दुसऱ्या एका जातीच्या घटात छोटी वटवाघळे दिवसा झोपतात आणि भाडे म्हणून लेंड्या देतात. झाडाच्या पानांतले तिसरा हिस्सा नत्र त्यांच्याकडून येते, असे मोजून काढले आहे.

सभागृहातल्या शाकाहारी मंडळींसाठी नेपेंथिस अँप्युलारिया. तिचे बुटके घट जंगलाच्या जमिनीवर असतात, वरचे झाकण मागे वळलेले, आणि वरून पडणारा पालापाचोळा ती कुजवून खाते. मलेशियात तिचे घट धुऊन त्यांत चिकट तांदूळ आणि नारळाचे दूध भरून वाफवतात. आपण नुकत्याच हळदीच्या पानांत पातोळ्या केल्या, तसेच ते. २०२२ साली बोर्निओतच एक जात जाहीर झाली, तिचे घट जमिनीखाली असतात आणि ती भूमिगत मुंग्या पकडते. इतकी वर्षे पायाखाली असून दिसली नव्हती.

वेळ कमी आहे, बाकीच्यांची नुसती ओळख करून देतो. पोर्तुगालमधल्या कोरड्या टेकड्यांवर ड्रोसोफायलम नावाचे चिकट झाड होते. पोर्तु शहराजवळचे खेडूत ते घरात टांगून माश्या पकडत, असे डार्विनने लिहून ठेवले आहे. गोव्यात त्यांनी बरेच काही आणले, हे तेवढे आणले नाही. दक्षिण आफ्रिकेतले रोरिड्युला किडे पकडते पण पचवत नाही. त्यावर राहणारा एक ढेकूण ते खातो आणि त्याची विष्ठा झाड घेते. पश्चिम आफ्रिकेतला ट्रायफिओफायलम हा वेल तर अर्धवेळ कर्मचारी. आयुष्यात थोडाच काळ किडे पकडतो, आणि स्फुरद कमी पडले की ती पाने फुटतात हे २०२३ मध्ये कळले. अल्ड्रोव्हांडा हे पाण्यातले फ्लायट्रॅप. त्याची शास्त्रातली पहिली नोंद १६९६ ची, आणि ती भारतातून गेलेल्या नमुन्यावरून झाली.

आता मघाच्या मुद्द्याकडे येतो. ऊन, पाणी, दरिद्री माती.

कागदोपत्री सड्याला काय म्हणतात ते तुम्हाला ठाऊक आहे. 'खडकाळ, पडीक'. मी सरकारी नोकर आहे, त्यामुळे कुठल्या प्रकल्पावर इथे बोलणार नाही, ते माझे कामही नव्हे. फक्त पाहिलेले सांगतो. एका सड्यावर, नाव घेत नाही, दहा-बारा वर्षांपूर्वी भाद्रपदात पाय कुठे ठेवावा असा प्रश्न पडायचा, इतकी आसवे आणि दवबिंदू. आज त्याच्या अर्ध्या भागात चिरेखाण आहे. तिथला हिशेब सोपा. या झाडांचे बी त्या दोन बोटे मातीतच आठ महिने पडून असते. चिरे काढायला वरची माती खरवडली की पुढच्या पावसात उगवायला काही उरत नाही. पण मला जास्त विचारात पाडले ते दुसऱ्या अर्ध्याने. तिथे कोणी कुदळ लावलेली नाही. फक्त वरच्या अंगाला वसाहत झाली आणि तिचे सांडपाणी सड्यावर सुटले. जमीन हिरवीगार झाली आहे. गवत गुडघ्याएवढे. बघणारा म्हणेल, काय छान! दवबिंदू मात्र मी गेले तीन पावसाळे शोधतो आहे.

कासला गर्दी आवरायला नोंदणी आणि मर्यादा घालावी लागली, आपल्याकडे ती वेळ अजून आलेली नाही. आपल्या हातात एक साधे काम आहे. २००२ च्या जैवविविधता कायद्याखाली पंचायतीच्या पातळीवर समिती असते आणि तिने लोकांच्या मदतीने गावातल्या झाडाझुडपांची, प्राण्यांची नोंदवही ठेवायची असते. आपापल्या पंचायतीत जाऊन ती वही बघायला मागा. आंबा, फणस, कोकम असणारच. सड्यावरची आसवे आणि दवबिंदू तिच्यात आहेत का ते बघा. नसतील तर जागा, तारीख आणि फोटो जोडून अर्ज द्या, आणि पोच घ्यायला विसरू नका. पुढे त्या जमिनीचे काही ठरायची वेळ येईल तेव्हा 'खडकाळ, पडीक' या शेऱ्याच्या शेजारी ठेवायला एक कागद असेल. कागदाला कागदच लागतो, एवढे नोकरीत शिकलो.

माटोळीसाठी कांगलां, फागलां आणायला आपली मुले दरवर्षी रानात जातातच. अनंत चतुर्दशीनंतरच्या रविवारी तीच मुले घेऊन जवळच्या सड्यावर जाऊ, असे मी कार्यकारिणीला सुचवले आहे. उपटायचे काही नाही. चपला काठावर काढायच्या, कातळावरूनच चालायचे. भिंग असेल तर आणा.

भाषणानंतर दोन प्रश्न आले, ते इथे नोंदवतो. एका वहिनींनी विचारले, असे झाड घरी लावले तर डास, माश्या कमी होतील का? होणार नाहीत, एक झाड महिन्याला फार थोडे किडे खाते. हौस म्हणून लावायचे तर रोपवाटिकेत वाढवलेलेच घ्यावे, रानातले कधीच नको. नळाचे पाणी घालू नये, पागोळीचे साठवलेले घालावे. खत तर अजिबात नको, खताने ते मरते.

दुसरा प्रश्न सतरंजीवरून आला. फ्लायट्रॅपच्या तोंडात बोट घातले तर? काही होत नाही, बाळा, गुदगुल्याही होत नाहीत. पण ते पान आयुष्यात मोजक्याच वेळा मिटू शकते, त्यातली एक वेळ तुझ्या बोटावर फुकट जाते.